कावळा शिवू नये म्हणून

कावळा आला होता, पण भाताजवळ जात नव्हता. दुबईत अल कुसैसच्या खोलीत भिकाजी फोनच्या पडद्याला नाक लावून बसला होता आणि मनातल्या मनात विनवत होता, शिवू नकोस रे बाबा, शिवू नकोस.

एरवी माणसं उलटं करतात. पिंड ठेवून हात जोडतात, गेलेल्याच्या इच्छा आठवून आठवून त्या पुऱ्या करायचं कबूल करतात आणि कावळा शिवला की सुटल्यासारखं रडतात. भिकाजीनं स्वतःच्या बापाच्या वेळी तेच केलं होतं. आज मात्र त्यानं आणि सत्यभामेनं आधीच ठरवलं होतं. पोराचं नाव घ्यायचं, पण कबूल काहीही करायचं नाही.

कारण कबर कोणाची, हेच ठाऊक नव्हतं. रशियातला तो आडवळणाचा मुलूख. जंगलात विखुरलेली नऊ गावं, त्यांची मिळून एकच ग्रामपंचायत. तिथल्या लाकडाच्या गिरणीवर भिकाजीचा समाधान दुबईहून एका एजंटाच्या नादानं गेला होता. थंडीत कामगारांची झोपडी जळाली. आत राहायचे दोघे, समाधान आणि नेपाळचा कुशल. सापडला एकच, तोही ओळखू न येण्यासारखा. दुसऱ्याचा पत्ता नाही. गावानं सापडलेल्याला पुरलं. तपासणीचा निकाल यायला अजून महिने लागणार होते. तोवर दोन देशांतल्या दोन आया एकाच कबरीकडे बघून एकमेकींच्या पोराचं मरण मागत होत्या. वाईट आहे, पण आई दुसरं काय मागणार?

गालिना नावाची बाई तिथली सरपंच. गाडी घेऊन ती नऊही गावं हिंडली होती. एका गावात दोनच म्हाताऱ्या उरलेल्या, एकात तर कोणीच नाही. तिथली ओस घरंही तिनं उघडून पाहिली. भिकाजी तरी हटून बसला होता. पोरगा भाजलेल्या अंगानं कुठल्यातरी म्हातारीकडे पडून आहे, त्याला भाषा येत नाही, म्हणून कळवत नाही, असं तो बांधकामाच्या साइटवर भेटेल त्याला सांगायचा. लोक मान हलवायचे आणि कामाला लागायचे.

कावळ्याची कल्पना सत्यभामेची. "आपला नसेल तर आपल्या नावाचा घास तो घ्यायचा नाही," असं तिनं गावाहून फोनवर सांगितलं. आपला असला तरी इच्छा कबूल केल्याशिवाय शिवत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तिला परीक्षा घ्यायची नव्हती, पास व्हायचं होतं.

म्हणून आज तिघं फोनवर जमली होती. गालिना कबरीशी, सत्यभामा कोकणात ओटीवर आणि भिकाजी इथे. त्याच्या शेजारी अर्सलान. तो फरकोटांच्या दुकानात सेल्समन होता. रशियन गिऱ्हाइकांशी बोलता बोलता तो त्यांची भाषा शिकला होता. सांगितल्याप्रमाणे गालिनानं बिनमिठाचा भात शिजवून आणला होता. तिकडेही कबरीवर खाऊ ठेवायची रीत, त्यामुळे तिला काही नवल वाटलं नाही.

"हा कसला कावळा? राखाडी बंडी घातल्यासारखा," सत्यभामा म्हणाली.

"तिथले तसेच असतात," भिकाजी म्हणाला. त्यानं हात जोडून समाधानचं नाव घेतलं आणि तोंड मिटलं.

कावळा बर्फातून चालत आला. शेजारच्या कबरीवरचं बिस्कीट त्यानं उचललं. भाताकडे मान वाकडी करून पाहिलं आणि उडून कुंपणावर जाऊन बसला. गालिना गारठली होती, तरी जागची हलली नाही. बराच वेळ गेला. कावळा काही खाली उतरेना.

"खलास, चाचा," अर्सलाननं श्वास सोडला. "नहीं खाया."

"नाही शिवला!" सत्यभामा रडत रडत हसायला लागली. "अहो, बघितलंत? माझा नाही तो! माझा जिवंत आहे!" आनंदानं ती वेडीपिशी झाली होती. "येऊ दे आता घरी. विनिताशीच लावून देते त्याचं. आपल्यातली नाही तर नाही. माझा हट्ट संपला. मी स्वतः ओवाळून तिला घरात घेते."

"गप!" भिकाजी ओरडला. "सत्यभामे, गप बस!"

विनितासाठी पोरगा आईच्या पाया पडला होता. तिनं ऐकलं नाही, म्हणून तो गावी जायचा बंद झाला आणि मग दुबईही जवळची वाटायला लागली, म्हणून आणखी लांब निघून गेला. त्याची इच्छा म्हणून जी काही होती ती एवढीच.

कावळा कुंपणावरून उतरला. इकडेतिकडे न बघता थेट भातावर आला आणि घास उचलला.

पडद्यावर गालिना हसऱ्या चेहऱ्यानं काहीतरी बोलली. ती पुन्हा बोलली.

"क्या बोलती है?" भिकाजीनं विचारलं.

अर्सलानला त्याच्याकडे बघवेना. "बोलती है, अब खा लिया. माँ को बोलो, खुश हो जाए."

सत्यभामेनं मात्र भाताकडेच डोळे लावले होते. शाळेतून उशिरा आलेल्या पोराशी बोलावं तशी ती हळू आवाजात म्हणाली, "हो म्हटलं ना रे मी, सोन्या. मग आता कशाला जातोस?"