शेवटची धडधड

नात त्या जुन्या रॉक अल्बमवरची श्रोत्यांची मतं वाचून दाखवत होती. पन्नास वर्षांपूर्वी त्याचं रेकॉर्डिंग आजोबांनीच केलं होतं, पण कौतुक ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"गायक स्टुडिओतच वारला, त्या दिवशीच्या गाण्यावरून तर नुसती जुंपलीये! शेवटी ती विझत जाणारी धडधड म्हणे नशेतल्या काळजाची. दुसरा म्हणतो, छे, ड्रमच. एकाने लिहिलंय, ज्याला हे सुचलं त्याला सलाम. कोणाला सुचलं हो, आजोबा?"

"कोणालाच नाही. बाकीचे बाहेर वाजवत होते, आणि तो गायक त्याच्या गाण्याच्या बंद खोलीतून दार बडवत होता. नशेत जीव घाबरा झालेला, त्याला कडी सापडेना."

"मग तुम्ही उघडलं नाहीत?"

"रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला होता, पोरी. आणि गाणं असं रंगलं होतं, की मला उठवेचना."