डब्यातली घूंऽऽ

पेटीवाला पुण्याला गेल्यापासून किशनरावांच्या भीमगीतांना साथ उरली ती लेकाच्या गिटारची. म्हणून धम्मानंदनं चिवड्याच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात डिले पेडल बनवलं. एकदा तार छेडली की सूर चारदा घुमून यायचा, पण मागं एक घूंऽऽ चालूच. अ‍ॅडाप्टर बदलला, वायरी बदलल्या, सोल्डरिंग दोनदा केलं, तरी ती हटेना.

पंधरा दिवस रोज सरावाला बाबा गायचे अन् धम्मानंद डबा उघडून बसायचा. एक मात्र नवल होतं. जन्मभर इकडंतिकडं घसरणारा बाबांचा सूर हल्ली जागचा हलत नव्हता. "आता कुठं गळा तयार झाला," म्हणत ते मिशीत हसायचे.

डोंगरकडा गावातल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चूक सापडली. अर्थिंगची तार डब्याला जोडलेलीच नव्हती! जोडल्याबरोबर घूंऽऽ गपगार. धम्मानंद खुशीत म्हणाला, "बाबा, आता गा बिनधास्त!"

किशनरावांनी डोळे मिटले, तोंड उघडलं अन् तसंच परत मिटलं.


"धम्मा, पंधरा दिवस मागं तंबोरा लावून देत होतास, तो आजच काहून बंद केला रे?"