आयडी बंद होईपर्यंत

विमा कंपनीनं प्रेमानंदला सोमवारी कामावरून काढलं. शुक्रवारी नव्या नोकरीवर हजर व्हायचं, तर जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर हवं. म्हणून त्यानं मलकापुरातून पुण्याच्या एचआरला सकाळपासूनचा सातवा फोन लावला.

"लेटर मिळणार नाही," रेवतीमॅडम म्हणाल्या. "तुमचा लॉगिन आयडी बंद झाल्याशिवाय ते निघतच नाही."

"मंग करा ना बंद! कोनं अडवलं तुमाले?"

"बंद केला तर कंपनीच्या मेनफ्रेम संगणकावरचे सगळे ऑब्जेक्ट जातील, त्यांच्यासोबत पॉलिसींची माहितीही. तुम्ही ते स्वतःच्या आयडीवर का साठवलेत?"

प्रेमानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रोग्राम चालून संपला की त्यातले ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचे गठ्ठे, पुसले जातात. एकेका पॉलिसीचा ऑब्जेक्ट कायम टिकावा म्हणून तो साठा त्यानंच उभा केला होता. बारा वर्षांपूर्वी साठ्यासाठी वेगळा आयडी मागितला, तेव्हा साहेब म्हणाले होते, "मंजुरी येईपर्यंत तुझ्याच आयडीवर टाक." मंजुरी अजून वाटेतच होती.

"म्हणजे मले काढलं, पण मी गेलोच नाही?"

"रेकॉर्डप्रमाणे तुम्ही अजून आमच्याकडेच आहात. आणि जरा आवाज खाली."

"आयडी ठेवून राह्यले, तर मलेबी ठेवा. उद्यापासून कामाले लागतो."

"असं कसं?" मॅडम फणकारल्या. "तुम्हाला काढलंय ना!"