दहा लाख नऊ

"दोनशे त्र्याण्णव," लेक म्हणाली आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. ऑफिसातल्या मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. तिने त्यांना डोळा मारला. आज गंमत होती.

आई गेल्यावर बाबांनी हे खूळ काढलं होतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, दुसरं काय काढणार! दहा लाख नऊ ही संख्या मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही का, हे बापलेकीने मिळून शोधायचं. कॉम्प्युटर वापरायचा नाही. दर रविवारी तिने फोन करून एक मूळ संख्या द्यायची, बाबांनी त्या संख्येने भागून बघायचं. हजारापर्यंत पोचलो की निकाल लागला. दोन, तीन, पाच, सात करता करता वर्ष उलटून गेलं. आधी तिलाही मजा वाटायची. मग रविवार उजाडला की कपाळाला आठी पडायला लागली. शेवटी मागच्या महिन्यात तिने गुपचूप कॉम्प्युटरलाच विचारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. दोनशे त्र्याण्णवने पूर्ण भाग जात होता. तेव्हापासून बाई या रविवारची वाट बघत होत्या. एकदाची सुटका!

"दोनशे त्र्याण्णव त्रिक आठशे एकोणऐंशी," बाबा नेहमीसारखे मोठ्याने भाग देत होते. "उरले एकशे एकवीस. शून्य खाली घेतलं..." मैत्रिणी तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. "...उरले सत्त्याऐंशी. नऊ खाली घेतले. झाले आठशे एकोणऐंशी." बाबा थांबले. बराच वेळ थांबले. "बाकी दोन. नाही जात गं."

आता मात्र सगळ्या खोखो हसल्या.

"बाबा, चुकलात! आत्ताच म्हणालात ना, त्रिक आठशे एकोणऐंशी? बाकी शून्य! मी मागच्या महिन्यातच कॉम्प्युटरवर बघितलंय. वय झालं हो सर तुमचं!"

"मागच्या महिन्यातच?" बाबांनी विचारलं. मग घसा खाकरला. "अगं, हजाराच्या वर्गात तिनाचा वर्ग मिळवला की ही संख्या येते. नऊशे बहात्तर आणि दोनशे पस्तीस यांच्या वर्गांची बेरीजही हीच. अशी बेरीज दोन तऱ्हांनी जमली, की ती संख्या मूळ असूच शकत नाही. दरवर्षी दहावीच्या वर्गाला फळ्यावर करून दाखवायचो मी."

मैत्रिणींचं हसू मावळलं. एकीने उगाच पाण्याचा ग्लास उचलला. लेकीला त्यांच्याकडे बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. स्पीकर बंद करायचंही भान राहिलं नाही.

"मग... दोन का सांगितलंत, बाबा?"

"शून्य सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी तू फोन कशाला केला असतास?"