बासुंदी आणि तपकीर

रविवारी सगळे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फाशांवर साहसकथा खेळत. एका खेळात राजाला मुजरा करताना निहारच्या योद्ध्याचा तोल गेला आणि तो बासुंदीच्या कढईत बुडून मेला. फाशावर एक पडला होता, म्हणजे सगळ्यात वाईट दान; इलाजच नव्हता. सगळे हसून हसून लोळले. महिनाभर दुसरा विषय नव्हता.

शाल्मलीचा जळफळाट झाला. तिची म्हातारी मांत्रिकीण तीन वर्षं सगळ्यांना वाचवत आली होती. तिच्या नावाने कधी कुणी टाळीसुद्धा वाजवली नव्हती. आणि हा परवा आलेला निहार मरून हिरो झाला!

महिन्यानंतरच्या एका खेळात गुहेत राक्षस घोरत होता. शाल्मली म्हणाली, “माझी म्हातारी त्याच्या नाकात तपकीर घालते.”

“नक्की?” खेळ चालवणाऱ्या समीरने विचारलं.

“नक्की.”

तिने फासा टाकला. एक. राक्षस शिंकला आणि म्हातारी भिंतीवर आपटून जागीच गेली.

शाल्मली हशाची वाट पाहत राहिली. कुणीच हसलं नाही.

“ताई, पहिल्याच दिवशी मला तिनेच दरीतून वर ओढलं होतं,” निहार डोळे पुसत म्हणाला.

म्हातारीचे मंत्र आणि जखमा तीन वर्षं जिच्यावर नोंदवल्या, तो खाडाखोडीने भरलेला कागद शाल्मलीने समीरच्या हाती दिला, पण तिच्याकडचं टोक काही सोडलं नाही.