पुसलेली किल्ली

"ताई, किल्ली जवळ आली तरच गाडीचा हा दिवा हिरवा होतो," मेकॅनिक म्हणाला.

ते मला चांगलंच ठाऊक होतं. हे नदीत बुडून गेले तेव्हा ह्यांची किल्ली खिशातच होती, तरी रोज संध्याकाळी, हे घरी यायच्या वेळेला, अंगणात हिरवा दिवा लागायचा.

त्याने गाडीच्या मेमरीतून जुनी किल्ली पुसून नवी जोडली.

"नक्की ना, दादा?"

"आता जुनी कुणी आणलीच, तर लाल दिवा लुकलुकेल. गाडी काही चालू व्हायची नाही."

माझा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी हिरवा दिवा लागला नाही. कितीतरी दिवसांनी मी चहा निवांत बसून प्यायले.

कप विसळताना खिडकीतून पाहिलं. लाल दिवा लुकलुकत होता. थांबला, पुन्हा लुकलुकला. मग विझला.

ह्यांच्या त्याच जुडग्यात घराचीही किल्ली होती.