मडमचा संसार

हार्वेसाहेब संध्याकाळी पुन्हा दाढी करायला बसला, तेव्हा त्याच्याकडे कामाला असलेली मथुरा विहिरीपाशी बांगडे साफ करत होती. सकाळी एकदा दाढी झाली होती, आता परत. मग धुवट सदरा, पाणी लावून चापून बसवलेले उरलेसुरले केस, आणि काठी घेऊन स्वारी किनाऱ्याच्या वाटेला लागली.

"सायब खंय गेले?" मथुरेने विचारलं.

"मेरीकडे," एडिथ मडम म्हणाली. तारकर्लीत राहून तिला मोडकंतोडकं मालवणी येऊ लागलं होतं. "ती एकटी आसा. एकटा रवणा बरा नाय."

मथुरेने माशांवर पाणी ओतलं. केवढी भोळी बाई, तिच्या मनात आलं.

साहेब पूर्वी आसामात चहाच्या मळ्यावर होता. राज्य गेलं, बाकीचे गोरे बोटीत बसून निघून गेले, पण हे दोघं इथे माडांच्या सावलीला बंगला घेऊन राहिले. सुरुवातीला गाव त्यांना बघायला जमायचं. दोघांचं नाक सारखं, चालही सारखी. "लय वर्सां संसार केलो की माणसां एकमेकांसारखी दिसाक लागतत," गावातली नर्मदा म्हणायची आणि ते सगळ्यांना पटायचं. मडम साहेबाला 'रॉबर्ट' अशी नावाने हाक मारायची, दोघं वेगवेगळ्या खोल्यांत निजायची. साहेबलोकांची रीत, दुसरं काय.

मूलबाळ आहे का, असं मथुरेने एकदा विचारलं होतं. मडमने नाही म्हणून मान हलवली. मथुरेची कूसही रिकामीच होती, त्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही.

मग साहेबाच्या ओळखीचे पर्किन्स नवराबायको आले आणि नर्मदेचं समुद्राकडचं घर भाड्याने घेऊन राहिले. बंगल्याला जीव आला. चौघं ओसरीवर पत्ते खेळायची आणि मथुरेने केलेली सोलकढी नाक मुरडत का होईना, पण संपवायची. एडिथ मडम तेव्हा गुणगुणत घरात फिरे. गेल्या गणपतीत पर्किन्ससाहेब तापाने गेला. मेरी मडम परत जाईल असं सर्वांना वाटलं, पण ती राहिली.

आणि साहेबाची दाढी दिवसातून दोनदा होऊ लागली.

"गो मथुरा," नर्मदा बाजारात म्हणाली, "तुझो सायब रोज सांजचो आमच्या परड्यात दिसता. दोघां हातात हात घालून बसतत. ह्या वयात काय गो ही थेरां?"

मथुरेला स्वतःचं आठवलं. तिचा स्वतःचा नवरा लग्नानंतर वर्षभरात मुंबईला गिरणीत गेला आणि तिथल्याच एका बाईचा झाला. ते लोकांकडून कळलं तेव्हा ती भात कांडत होती. मुसळ तसंच हातात राहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिने जे पाहिलं त्याने तिचा धीर सुटला. एडिथ मडमने ट्रंक उघडून मखमली डबी काढली. आत निळ्या खड्याची अंगठी होती. "आमच्या आयची," ती मथुरेला म्हणाली. तिने अंगठी पदराने पुसावी तशी झग्याने पुसली आणि साहेबाच्या हातावर ठेवली. साहेब ती खिशात घालून निघाला. मागे मडमचे डोळे भरून आले होते.

बायकोच्या आईची अंगठी. तीसुद्धा तिलाच ट्रंकेतून काढायला लावून नेली.

मथुरा त्याच दुपारी नर्मदेकडे गेली. "माझ्या मडमचो घोव जातलो, संसार मोडतलो," ती म्हणाली. "त्या बाईक घर खाली करूक सांग."

नर्मदेला फार सांगावं लागलं नाही. मेरी मडमकडे पाणी भरणारी धोंडूची बायको यायची बंद झाली. सुशीला माशाची पाटी घेऊन मेरी मडमच्या दारावरून न थांबता जाऊ लागली. वाटेत कोणी बोलेना. मेरी मडमने एक-दोनदा हसून पाहिलं, मग हसणंही सोडलं. नर्मदेने घर मागितलं तेव्हा तिने कारणसुद्धा विचारलं नाही.

आगबोट मालवणच्या बंदरात लागली, तेव्हा हार्वेसाहेब धक्क्यावर तिला सोडायला गेला होता. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसण्याआधी तिने काहीतरी त्याच्या मुठीत परत ठेवलं, असं पडाव हाकणारा गणपत तांडेल सांगत होता. बोट दिसेनाशी झाली तरी साहेब तिथेच उभा होता म्हणे.

घरी येऊन तो थेट खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

मथुरेने चहा ठेवला. खूप वर्षांनी तिला हलकं वाटत होतं. तिच्या वेळी कोणी असं उभं राहिलं नव्हतं.

एडिथ मडम मागच्या पायरीवर बसून रडत होती. मथुरेने कप बाजूला ठेवला आणि कधी नव्हे ती तिच्या शेजारी टेकली.

"लोक असे कित्याक वागले?" मडमने विचारलं. "मेरीन काय केल्यान?"

"मीच सांगलंय सगळ्यांका," मथुरा म्हणाली. तिने मडमचा हात हातात घेतला. "तुमच्यासाठी केलंय, बाईनु. आता रडू नकात. ती गेली. तुमचो घोव तुमका परत गावलो."

मडमचं रडणं थांबलं.

"घोव?" ती म्हणाली. "मथुरा, रॉबर्ट माझो सख्खो भाव."